कुंडाकाठचं टेबल

आमच्या पाटीवर 'बाल मार्गदर्शन केंद्र' असं लिहिलेलं होतं, आणि पहिल्या वर्षी आमच्याकडे सगळ्यात जास्त कोण आलं असेल तर नोकरी शोधणारी मॅट्रिक पास मुलं. उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरून विचारत विचारत माधवनगरपर्यंत चालत यायची, हातात गुणपत्रिकेची सुरळी, आणि म्हणायची, "बेनजी, मार्गदर्शन कर दो." मी सांगायची की बाबांनो, इथे अंथरूण ओलं करणारी, शाळेतून पळणारी, बोलायचं बंद झालेली, उगीच आगी लावणारी मुलं आणतात. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू विचारत होती की यासाठी सरकार पगार देतं?

देत होतं. त्याचं मलाही नवल वाटायचं. माझे वडील शाजापूरच्या शाळेत घंटा वाजवणारे शिपाई. आजोबा ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत. ज्यांच्या हातात कायम दुसऱ्याची वस्तू असायची अशा माणसांपैकी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. शिष्यवृत्तीवर मी उज्जैनला बी.ए. झाले आणि नव्या मध्यभारत सरकारने मला वर्षभर मुंबईला प्रशिक्षणासाठी धाडलं. परत आले तर हातात नेमणुकीचा कागद: समाजसेविका, बाल मार्गदर्शन केंद्र. वडिलांनी तो कागद देवासमोर ठेवला आणि आईला म्हणाले, "सुमन आता सरकारात आहे, तिला भांडी घासायला सांगू नकोस." आईने सांगितलंच, पण ते असो. सरकारने मला शिकवलं, तेव्हा जे शिकवलं ते बरोबरच असणार, इतका माझा सरळ विश्वास होता. पुढे जे झालं ते या सरळपणातून झालं.

केंद्र म्हणजे एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. माणसं तीन. डॉक्टर सोहनी मंगळवारी आणि शुक्रवारी इंदूरहून यायचे. मी रोजची. आणि बाबूलाल नावाचा चपराशी, जो पाटी पुसायचा, नावं पुकारायचा आणि रडणाऱ्या मुलांना भुईमुगाच्या शेंगा द्यायचा. शेंगा सरकारी नव्हत्या, त्याच्या शेतातल्या होत्या. मध्यभारताची राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. आमची फाइलही पेटाऱ्यात बसून इकडून तिकडे जायची. त्यामुळे एखादं कपाट मागितलं तर ते कुठल्या ऋतूत मंजूर होईल याचा अंदाज घेऊन अर्ज करावा लागे.

आमचं काम काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. मूल आलं की डॉक्टरांच्या आधी ते माझ्यापुढे बसायचं. माझ्याकडे चार पानी छापील तक्ता होता: जन्म कसा झाला, दात कधी आले, ताप कधी आले, घरात कोण कोण आहे, कोण नुकतं गेलं, कोण नुकतं आलं. मूल कोणाच्या ताटात जेवतं आणि कोणाच्या कुशीत झोपतं, हे दोन प्रश्न डॉक्टरांनी स्वतः हाताने त्यात घातले होते. मग मी घरी जायची. घरी गेल्यावर बैठकीत बसायचं नाही, चुलीपाशी बसायचं, पाणी मागून घ्यायचं आणि तक्ता पिशवीतून काढायचा नाही, हे मुंबईत शिकवलेलं नव्हतं. ते बाबूलालने शिकवलं. "बेनजी, कागज निकाला कि औरत का मुँह बंद," तो म्हणायचा.

राम घाटावरचे एक पंडाजी त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. "घर में तोते जैसा बोलता है," ते म्हणाले, "पर जजमान सामने आया कि गाड़ी अटकी. संकल्प में ही तोतला हो जाता है." डॉक्टरांनी मुलाची जीभ, घसा, सगळं तपासलं. काही नव्हतं. दोन दिवस मी सकाळी घाटावर जाऊन यात्रेकरू बायकांमध्ये पायरीवर बसले. तिसऱ्या दिवशी दिसलं. मुलगा संकल्प सांगत असताना पंडाजी त्याच्या मागे उभे राहत आणि शब्द चुकला रे चुकला की पाठीला चिमटा घेत. आमचा उपचार एवढाच होता की पंडाजींनी मागे नाही, समोर उभं राहायचं. महिन्याभरात पोरगा धडाधड बोलायला लागला. पंडाजी पेढे घेऊन आले, पेढे टेबलावर ठेवले आणि दार लोटून घेऊन म्हणाले, "बेनजी, रजिस्टर में हमारा नाम मत रखना. कोई कहेगा पंडे का छोरा पागलखाने गया था." मी हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

आमच्याच मराठी मंडळींपैकी एक पेन्शनर आजोबा नातवाला घेऊन यायचे, कारण तो डाव्या हाताने लिहायचा. डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं की हा रोग नव्हे. तरी ते दर शुक्रवारी येतच राहिले. पुढे पुढे नातवाला न घेताच यायला लागले. त्यांची तक्रार मी लिहून घ्यायची. घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, हीच ती तक्रार होती.

आता गेंदीबद्दल लिहिते.

उज्जैनजवळ कालियादेहला नदीकाठी बावन कुंडं आहेत, दगडी, एकातून दुसऱ्यात पाणी खेळवलेली. पाडव्याच्या आदल्या दिवशीच्या अमावस्येला, जी आमच्या पंचांगात फाल्गुनातली आणि तिथल्या लोकांच्या पंचांगात चैत्रातली, तिथे अंगात येणाऱ्या, झपाटलेल्या माणसांना स्नानाला आणतात. तिला भूतडी अमावस्या म्हणतात. बुडी मारायची, अंगावरचे कपडे तिथेच सोडायचे, कोरे नेसायचे आणि मागे वळून न बघता घरी जायचं. जे लागलेलं असेल ते कपड्यांबरोबर पाण्यात राहतं. गर्दीसाठी म्हणून दरवर्षी तिथे सरकारी तंबू लागत असे, लस टोचण्याचा. मी डॉक्टरांच्या मागे लागले की आपलंही एक टेबल तिथे लावू. जिथे आपली मुलं सापडतील तिथे आपण जायला नको का?

"तिथे तुमचं ऐकणार कोण?" डॉक्टर म्हणाले.

"दहा ऐकणार नाहीत, एक ऐकेल."

"तो एक कोण निघेल ते बघा," ते म्हणाले, आणि परवानगी दिली.

मी हिंदीत पत्रकं छापून घेतली: 'भूत-प्रेत नहीं, मन का रोग'. बाबूलालने गठ्ठा उचलला, वाचला आणि परत टेबलाखाली ठेवला. "बेनजी, इंजेक्शन का बोलेंगे, दवाई का बोलेंगे. ये पर्चा रहने दो."

"का रे?"

"लोग यहाँ हल्के होने आते हैं."

मी गठ्ठा परत वर काढला.

दुपारच्या सुमाराला एक चौदा वर्षांची मुलगी आणली. दोघा माणसांनी दंड धरलेले, केस सुटलेले, आणि घोगऱ्या, थोराड बाईच्या आवाजात ती ओरडत होती, "म्हूं नी जाऊं! वां नी जाऊं!" मागून तिची आई, रामकुंवरबाई, कोऱ्या लुगड्याची घडी छातीशी धरून चालली होती. आईला नवरा नव्हता. भावाच्या आधाराला राहत होती. पुढे चालणारा उंच माणूस तोच भाऊ, मुलीचा मामा, देवाजी. त्यांच्याबरोबर सासरकडचेही आले होते, कारण मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि ठरल्या दिवसापासूनच हे सुरू झालं होतं. मोठी बहीण वर्षापूर्वी बाळंतपणात त्याच घरी वारली होती, आणि आता धाकटीला त्याच मेहुण्याला द्यायचं होतं. गावाचं म्हणणं सरळ होतं: थोरलीचं भूत धाकटीला लागलंय. पडियाराने, म्हणजे भुतं उतरवणाऱ्याने, तिला केसांना धरून पाण्याकडे ओढलं.

मी टेबलामागून उठले आणि मध्ये गेले. त्याचा हात सोडवला. मला सगळं एका क्षणात दिसलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. गेल्या वर्षी मुंबईत आम्हाला नेमका असाच रोगी शिकवला होता. मी मोठ्याने, तीन गावं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "छोड़ो इसको! इसको भूत नहीं है. ये मन का रोग है. इलाज होता है, सरकार इलाज करती है."

सासरकडचा म्हातारा पुढे आला. "मतलब पागल हे?"

"पागल नहीं. रोग है."

"रोग तो रोग," तो म्हणाला. त्याने आपल्या माणसांकडे बघितलं आणि ते वळले.

मी गेंदीला टेबलाशी आणलं, पाणी दिलं, बसवलं. अर्ध्या तासात ती शांत झाली आणि स्वतःच्या आवाजात, लाजत, बाबूलालच्या शेंगा खायला लागली. मी तक्ता भरला. 'घरातील मृत्यू' या रकान्यात लिहिलं: एक बहीण, बाळंतपणात. मग पुढच्या रकान्याकडे वळले. मामाच्या हातात केंद्राच्या शिक्क्याचा कागद दिला: नाव, वय, मनोविकार, उपचारासाठी आणावे. मामाने तो पागोट्यात खोचला. आईच्या हातातलं कोरं लुगडं तसंच घडीत परत गेलं. घरी येताना मी टांग्यात बसून मनातल्या मनात डॉक्टरांना सांगत होते: एक ऐकेल म्हटलं होतं ना?

उपचारासाठी त्यांना कोणी आणलं नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पाऊस उघडल्यावर मी आणि बाबूलाल महिदपूरच्या रस्त्यावरच्या त्या खेड्यात गेलो. देवाजीच्या अंगणात दोन मुली कापूस निवडत बसल्या होत्या. त्या त्याच्या स्वतःच्या. गेंदी गोठ्यात होती. झोपायचीही तिथेच, जेवायचीही तिथेच, तिचं ताट वेगळं होतं. मी आत गेले तर तिने उठून मला बसायला गोणपाट दिलं. नजर स्वच्छ, बोलणं नीट. आईला विचारलं, झटके किती येतात?

"एक बी नी," रामकुंवरबाई म्हणाली. "जद से सगाई टूटी, एक बी नी."

मी म्हणाले, मग हिला इथे का ठेवलंय?

ती जे बोलली ते रागाने नव्हतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "बेनजी, भूत होतो तो उतरी जातो. अणी अमावस नी तो अगली अमावस. जद अंग में आता था तद मोहल्ले की सब लुगायाँ आती थीं, गाती थीं, नारियल रखती थीं. अब कोई नी आवे. रोग तो घर में रे हे, खून में रे हे. तमने तो पक्को करी दियो."

आजारी असताना ती गावाची होती. बरी झाली तेव्हा ती एकटी पडली होती. मधे फक्त माझा कागद आला होता. बाबूलालला हे सगळं आधीच माहीत होतं.

मंगळवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "निदान बरोबर होतं तुमचं."

"मग चुकलं कुठे?"

"बरोबर होतं, एवढंच म्हणतोय," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं.

त्या दिवसापासून केंद्रातून घरच्यांच्या हाती जाणाऱ्या कागदावर आम्ही आजाराचं नाव लिहिणं बंद केलं. 'तपासले, अमुक वारी यावे', एवढंच. नाव आतल्या फाइलमध्ये राहायचं. असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी घातला आणि तो शेवटपर्यंत टिकला. गेंदीला त्याचा उपयोग नव्हता.

मग राज्यं जुळली. नोव्हेंबरात मध्यभारत संपला आणि आम्ही मध्यप्रदेश झालो. राजधानी भोपाळला गेली, कायमची, सहा सहा महिन्यांची नाही. जुन्या पाटीवर नवा रंग आला. कोणाची बदली कुठे होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर सोहनींचं नाव भोपाळच्या यादीत होतं. एप्रिलपासून इथे दुसरा अधिकारी येणार होता, जो आमच्या कामाचा नव्हता, साधा प्रशासनाचा होता. आणि अशा वेळी, थंडी सरता सरता, देवाजी केंद्रात आला.

त्याने पागोट्यातून कागद काढला. घड्या पडून पडून चार तुकडे झालेले, पण शिक्का शाबूत होता. "साब, अणी के बड़े अस्पताल में भरती कराणो हे. पागल वाला. सरकार मुफत रखे, सुण्यो."

"ती बरी आहे," मी म्हणाले.

"लिख्यो तो तमने यो हे." त्याने कागदावर बोट ठेवलं. मग आवाज खाली आणला. "बेनजी, म्हारी दो छोरियाँ हे. तीन जगा वात चली, तीन जगा टूटी. सब पूछे, थारा घर में पागल हे नी? म्हूं कई करूं? भाणेज के घर में राखूं, के छोरियाँ के परणाऊं?"

तो दुष्ट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा आठवणींत मामा दुष्ट असला की लिहिणाऱ्याची सुटका होते.

ते मोठं रुग्णालय दूरच्या शहरात होतं आणि मी ते प्रशिक्षणात पाहिलेलं होतं. एकदा आत गेलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, जिला न्यायला कोणी येणार नाही, ती तिथून बाहेर पडत नाही. बऱ्या झालेल्या बायका तिथे म्हाताऱ्या झालेल्या मी बघितल्या होत्या. भरती करायला फक्त केंद्राची शिफारस लागत होती. डॉक्टरांनी सही करायला साफ नकार दिला आणि उलट दुसरा कागद लिहून दिला: तपासले, पूर्ण बरी आहे. देवाजीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता.

"ठप्पो तो एक ही हे," तो म्हणाला. "गाम कौनसो माने?" आणि एप्रिलात नवे साहेब आले की परत येतो, असं सांगून निघून गेला.

नवे साहेब सही करतील हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं, मलाही. जुना कागद केंद्राचा, शिक्का केंद्राचा, मागणी नातेवाइकाची. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. शेवटी बाबूलाल म्हणाला, "साहब, छोटा मुँह बड़ी बात. जो बात कुंड पे अटकी है, वो माधवनगर में नहीं छूटेगी."

मी डॉक्टरांकडे बघितलं. मला वाटलं ते हसतील.

"अमावस्या कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"मार्च संपता संपता. पाडव्याच्या आदल्या दिवशी."

"रजा घेणार की ड्यूटी?"

"ड्यूटी."

"रजिस्टरात काय लिहाल?"

"गृहभेट."

"पाण्यात गृह?" ते म्हणाले, पण सही केली.

मी एकटी त्या खेड्यात गेले आणि देवाजीला सांगितलं की गेल्या वर्षी स्नान राहून गेलं होतं, यंदा करू. त्याने विडी पेटवली. "भरी पंचायत में तमने कह्यो थो रोग हे. अब तम ही कूंड पे बोलोगा? सबके सामने? पाणी में उतरी ने?"

मी हो म्हणाले. रात्री झोप लागली नाही. मी बी.ए. झालेली, सरकारच्या पैशाने शिकलेली, आणि आता भुतं उतरवायला चालले होते. वडिलांना सांगितलं नाही. त्यांनी देवासमोर ठेवलेला कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण दुसरीकडे गोठ्यातलं ते वेगळं ताटही हलत नव्हतं, आणि त्या दोहोंत मला निवडायचं होतं. आज वाटतं की त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा वाटत होतं.

त्या अमावस्येला तंबू होता, पण माझं टेबल नव्हतं. देवाजी बैलगाडी घेऊन आला. त्याच्या गावची आणि आजूबाजूची बरीच मंडळी होती. गेल्या वर्षीचा तो सासरकडचा म्हाताराही कुठल्या तरी दुसऱ्या रोग्याबरोबर आलेला होता. मी दोन साड्या नेल्या होत्या. गेंदीचा हात धरून पायऱ्या उतरले. पाणी उन्हाळ्याच्या तोंडावरही थंड होतं आणि शेवाळाने पाय घसरत होता. कमरेपर्यंत आलो तेव्हा काठावरून देवाजी ओरडला, "बोलो, बेनजी!"

मी रात्रभर विचार करून एक वाक्य तयार ठेवलं होतं. भूत होतं असं मी म्हणणार नव्हते, ते खोटं झालं असतं. रोग आहे असं म्हणणंही आता खोटंच होतं. मी मोठ्याने म्हणाले, "सुनो सब. पिछले साल मैंने जो कहा था, वो आज पूरा होता है. इस लड़की को जो था, वो गया. सरकार की तरफ से मैं कहती हूँ, गया."

काठावरच्या बायकांनी लगेच गाणं धरलं. पडियाराने मान डोलावली. माझ्यावर त्याचा राग राहिलेला दिसला नाही. मी गेंदीला म्हणाले, "घे बुडी."

ती घेईना. मला वाटलं थंडीने. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बेनजी, जीजी के यां छोड़ी दूं?"

चार पानी तक्त्यात मी तिच्या बहिणीला एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. जी मुलगी तिला वर्षभर अंगावर वागवत होती, ती मला विचारत होती की हिला इथे, या थंड पाण्यात, परक्या लोकांच्या चिंध्यांबरोबर एकटी सोडून जाऊ का. मी 'हो' म्हटलं असतं तर ते मला शोभलं नसतं, आणि 'नको' म्हटलं असतं तर ती गोठ्यात परत गेली असती.

पायरीवर रामकुंवरबाई उभी होती. तिला ऐकू गेलं असावं किंवा लेकीचं तोंड बघून समजलं असावं. ती लुगड्यासकट पाण्यात उतरली. तिला उतरायचं काही कारण नव्हतं, तिला काही लागलेलं नव्हतं. ती आमच्यापर्यंत आली, गेंदीचा दुसरा हात धरला आणि म्हणाली, "छोड़ी दे, बेटी. म्हने बी छोड़णी हे. तुलसा म्हारी बी थी." वर्षभरात त्या घरच्या कोणाच्या तोंडून थोरलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तुलसा. मग दोघींनी एकदम बुडी मारली, आणि गेंदीचा एक हात माझ्या हातात असल्यामुळे मीही गेले.

वर आल्यावर आई रडत होती, मोठ्याने, तोंड न झाकता. गेंदी तिच्याकडे बघत होती. आपण नाही तर आई रडतेय याचं तिला आश्चर्य वाटत असावं. तो उपचार होता की काय होता, हे ठरवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. पुढे मी तीस वर्षं हे काम केलं, नवी राजधानी, नवे साहेब, नवे तक्ते, सगळं पाहिलं, आणि 'घरातील मृत्यू' हा रकाना आला की लेखणी खाली ठेवून आधी नाव विचारायची सवय लागली. गेंदी रुग्णालयात गेली नाही. एप्रिलात देवाजी केंद्रात आला नाही. मेहुण्याशी तिचं लग्न पुन्हा जुळवायचा प्रयत्न एकदा झाला, तेव्हा आईनेच मोडला. झटका आणखी एकदा आला, त्या बोलण्याच्याच दिवशी, मग नाही. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या गावी दिली. माझ्या चुकीमुळे एक वाईट लग्न मोडलं, हेही खरं आहे, पण त्याचं श्रेय घ्यावंसं मला कधी वाटलं नाही. त्याची किंमत मी दिली नव्हती.

काठावर बायकांनी आडोसा धरला. गेंदीने जुने कपडे पायरीवर सोडले आणि कोरं लुगडं नेसली. तेच, गेल्या वर्षी घडीत परत गेलेलं की दुसरं, मी विचारलं नाही. मी माझी ओली साडी पिळायला लागले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बेनजी, छोड़ो अणी के, तमारे बी कई लाग्यो होगा." मी म्हणाले, माजी, माझ्याकडे साड्या मोजक्या आहेत, आणि जे लागलंय ते मला कामाला लागेल. बायका हसल्या.

वर रस्त्याकडेला देवाजीने गाडी जुंपली होती. गेंदी तिथे जाऊन, गाडीपासून दोन हात अंतरावर, उभी राहिली. वर्षभरात तिला कुठे बसायचं हे विचारायची सवय लागली होती आणि आता कोणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं. देवाजीने तिच्याकडे बघितलं, मग बैलांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कडब्याची पेंढी उचलून मागे टाकली, आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि खेकसला, "गेंदी, कई देखे? बैठ. ढोर भूका हे."